हात पालथा करण्याआधी

आई, हॉस्पिटलातल्या शिकाऊ पोरी माझ्या मागे मला ‘काळी-पांढरी सिस्टर’ म्हणायच्या, हे तुला सांगायचं राहून गेलं. इंजेक्शनची काचेची ॲम्प्यूल फोडण्याआधी मी ती मानेला धरून उलटी करायची, आधी काळ्या कापडापुढे धरून बघायची, मग माझ्याच पांढऱ्या एप्रनपुढे. काळ्या कापडाचा तुकडा कायम खिशात घडी करून ठेवलेला असायचा. घाईच्या वेळी पोरी कुरकुरायच्या, पण माझ्या वॉर्डात राहायचं तर बघूनच फोडायची, आणि न बघता फोडलेली दिसली तर मी सगळ्यांसमोर बोलायची. तोंड माझं तिखट आहेच, ते तुझं नाही, ते पप्पांचं. एकदा एका डॉक्टरांनी चेष्टेत विचारलं, सिस्टर, औषध कंपन्यांवर तुमचा विश्वास नाही का? मी म्हटलं, माझी आई एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होती तोवर होता. ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. आता मलाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी कितीतरी मोठी आहे, आणि आरशात बघते तेव्हा मी तुझी मोठी बहीण दिसते. आज दुपारी बसल्या बसल्या वाटलं, एक गोष्ट अजून तुझ्यापाशी बोलायची आहे. पण ती एकदम बोलायचा धीर नाही, म्हणून आधी बाकीचं लिहिते.

तुझं काम म्हणजे नेमकं काय, हे मला बारा वर्षांची होईपर्यंत कळलं नव्हतं. आपली खोली असल्फ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, आणि तुझी कंपनी साकीनाक्याच्या अलीकडे, चालत जाण्यासारखी. तिथे एका लांब टेबलापाशी बायका रांगेने बसतात आणि दिवसभर ॲम्प्यूल बघतात, एवढंच तू सांगितलेलं. बघतात म्हणजे काय करतात, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बघतात म्हणजे बघतात. मग एका रविवारी, चर्चमधली मंडळीची उपासना आटपून आपण घाटकोपरहून परत आलो तेव्हा, तू मला पाण्याने भरलेली बाटली खिडकीशी धरून दाखवलंस. युद्धाच्या वेळी ब्लॅकआउटसाठी काचांना लावलेला काळा कागद अजून अर्ध्या खिडकीवर तसाच होता. तू बाटली त्या काळ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, काळ्यापुढे पांढरं दिसतं, कापसाचा तंतू, काचेचा कण. मग पलीकडच्या चुन्याच्या भिंतीपुढे धरलीस, पांढऱ्यापुढे काळं दिसतं. दोन्हीपुढे धरल्याशिवाय काही साफ आहे असं म्हणायचं नाही. मला बाटलीत काहीच दिसलं नाही. तू मात्र बोट ठेवून दाखवलंस, आणि तिथे खरंच एक बारीकसा धागा फिरत होता.

टेबलावर प्रत्येकीला नंबर होता आणि तुझा नंबर सतरा. एक ट्रे बघून झाला की त्यावर स्वतःच्या नंबराची चिठ्ठी लावायची आणि पुढे सरकवायचा. बाकीच्यांचे ट्रे मधूनमधून परत तपासले जात, तुझे क्वचित. सतराचा आहे ना, मग जाऊ दे, असं सुपरवायझर म्हणते, हे तू नाही, तुझ्याबरोबर चालत येणाऱ्या बायका मला सांगायच्या. मी ते शाळेत सांगायची. बाकी मुलींचे वडील कोण ड्रायव्हर, कोण मिलमध्ये, एकीचे तर पोलिसात हवालदार होते, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायची की माझ्या आईने बघितलं नसेल तर मुंबईत कुणाला इंजेक्शन मिळणार नाही. थोडं जास्तच होतं ते. पण मला ते खरंच तसं वाटायचं.

आणि संध्याकाळची प्रार्थना. साडेपाचला तुझी शिफ्ट सुटायची, सहाच्या सुमारास तू घरी. आल्या आल्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचीस, डोळ्यांवर पाणी मारायचीस, आणि स्टोव्हवर भात चढवून सतरंजी अंथरायचीस. पप्पा घाटकोपरच्या प्रेसमधून आलेले असायचे, शिशाचे खिळे जुळवून बोटं काळी झालेली, ती कितीही घासली तरी नखांत काळं राहायचंच. तिघं बसायचो. तळहात वर करून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट बोलायची, मनावर राहिलेली, आणि ‘हे आजचं, प्रभू, आता तुझं’ म्हणून हात सतरंजीवर पालथा करायचा. तिघांचे हात पालथे झाले की तू आमेन म्हणायचीस आणि त्यानंतर सकाळपर्यंत घरात कंपनी नाही, प्रेस नाही, शाळा नाही. नगरकडच्या बोर्डिंगात तुमच्या मेट्रनबाईंनी हे शिकवलं होतं, दिवसभर शेतात आणि स्वयंपाकघरात राबलेल्या मुलींना झोप लागावी म्हणून. मुंबईत आलीस तेव्हा तुझ्या ट्रंकेत दोन लुगडी, पवित्र शास्त्र आणि ही सवय एवढंच होतं, असं पप्पा म्हणायचे. ते स्वतः या प्रार्थनेत थोडी टवाळी केल्याशिवाय राहत नसत. आठवड्यातून तीनदा तरी ते गंभीर तोंडाने म्हणायचे, आजचा फोरमन, प्रभू, आता तुझा. तू डोळे न उघडता म्हणायचीस, माणूस द्यायचा नाही, त्याच्याबद्दलचा राग द्यायचा. पप्पा म्हणायचे, तोही घे मग, बाबा. आणि हात पालथा. मला हसू दाबून दाबून पोटात दुखायचं.

मी अकरा वर्षांची असताना यात एक घोळ घातला, तो तुला नक्की आठवत असेल. शेजारच्या मावशींना दिवस गेले होते. बौद्ध कुटुंब, साताऱ्याकडचं, नवरा म्युनिसिपालटीत. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला त्यांच्या आईला इनलँड लिहायला सांगितलं होतं की बाळंतपणाला ये, महिन्याच्या आत ये. मी छान अक्षरात लिहिलं, पत्ता घातला, आणि शाळेच्या वाटेवरच्या पेटीत टाकते म्हणून घेऊन गेले. ते पत्र पेटीपर्यंत पोचलंच नाही. कुठे पडलं ते मला कळलंही नाही. दोन दिवस मी मावशींच्या दारावरून मान खाली घालून गेले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एकदम सोपा मार्ग सुचला. सतरंजीवर बसून मी म्हटलं, मावशींचं पत्र हरवलं, ते आजचं, प्रभू, आता तुझं, आणि धाडकन हात पालथा केला. इतकं हलकं वाटलं मला की मी आमेनची वाटसुद्धा बघितली नाही, डोळे उघडले. तर तू माझ्याकडे बघत होतीस. प्रार्थनेत तू डोळे उघडलेले मी पहिल्यांदा बघितले. तू माझं मनगट धरून हात परत उताणा केलास आणि विचारलंस, मावशींना सांगितलंस? मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तू जे बोललीस ते मी पुढे नर्सिंगच्या कित्येक पोरींना ऐकवलं आहे.

“प्रभूला उरलेलं द्यायचं गं, टाळलेलं नाही. हे अजून तुझ्याच हातात आहे. ऊठ.”

मी रडत उठले. मावशींच्या दारात जाऊन सांगितलं. त्या एक शब्दही रागावल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तिथेच बसून दुसरं इनलँड लिहिलं, आणि पप्पा माझ्याबरोबर नाक्यावरच्या पेटीपर्यंत आले. परत येईपर्यंत सतरंजी तशीच, तू तशीच, हात उताणे. आम्ही बसलो आणि मग तू आमेन म्हणालीस. मावशींची आई वेळेवर आली, आणि मुलगी झाली तेव्हा मावशींनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मला तो खाताना लाज वाटली होती, पण पेढा मी सगळा खाल्ला.

आता ती संध्याकाळ. मी चौदाची, थंडीचे दिवस, शाळेत चाचणी परीक्षा. पप्पांनी आपलं काहीतरी दिलं, मी भूमितीचा पेपर दिला आणि हात पालथा केला. तुझी पाळी शेवटची असायची. तू काही बोलेनास. भाताचं भांडं स्टोव्हवरून उतरवून झाकून ठेवलेलं, शेजारी कुणाचं तरी मूल पाढे म्हणत होतं, आणि तुझे तळहात मांडीवर तसेच. मी एक डोळा किलकिला करून बघितलं. तुझे ओठ घट्ट मिटलेले होते. मग तू डोळे उघडलेस आणि पप्पांकडे बघून सांगितलंस की दुपारच्या चहानंतर तुला समोर धूसर दिसायला लागलं, डोळे चोळले, पाणी मारलं, तरी जाईना. हात वर करून थांबायला हवं होतं. पण तू सतरा नंबर. तू थांबली नाहीस. चार ट्रे तसेच बघितलेस, चिठ्ठ्या लावल्यास आणि पुढे सरकवलेस. पप्पा म्हणाले, सकाळी जाऊन सांग. तू म्हणालीस, दुसऱ्या शिफ्टला लेबलं लागतात, सकाळी ते गाडीत असतील. पप्पांना भूक लागली होती आणि काळजीही वाटत असावी, कारण तुमच्या कंपनीत चष्मा लागलेल्या बाईला त्या टेबलावर ठेवत नसत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, इतक्या वर्षांत तुझ्या ट्रेत काही निघालंय का? दे प्रभूला नि जेवू. तू मान वळवलीस. माझ्याकडे बोट केलंस.

“हिला तेव्हा उठवलं होतं ना मी,” तू म्हणालीस, आणि उठलीस.

बाईमाणूस संध्याकाळचं एकटं नको म्हणून पप्पा निघाले, पण तू त्यांना बसायला सांगितलंस आणि मला चप्पल घालायला. का मला, ते तेव्हा कळलं नाही. रस्त्याला लागल्यावर कळलं. पायाखालचा दगड तुला दिसला नाही, तू अडखळलीस, आणि माझा दंड धरलास. तोवर मीच तुझा हात धरून चालत आले होते, त्या दिवशी ते उलटं झालं. साकीनाक्याच्या दोन्ही अंगांच्या गाळ्यांतून लेथ मशिनी अजून चालू होत्या, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता, दिवे नुकते लागले होते. तू एकदाही सावकाश चालली नाहीस. मी मनात म्हणत होते की देवा, गेट बंद असू दे.

गेटवरच्या वॉचमनला तू माहीत होतीस. शिफ्ट तर कधीच सुटली, ताई, तो म्हणाला. तू त्याला दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरबाईंना बोलवायला सांगितलंस आणि आपण दोघी कडप्प्याच्या बाकावर बसून राहिलो. बाई आल्या. तुझ्याहून वयाने लहान, पांढरा कोट, डोक्याला पांढरा रुमाल, घाईत. तू उभं राहून सगळं सांगितलंस. त्या हसल्याच. सतराच्या ट्रेत काय निघणार, त्या म्हणाल्या. तेव्हा तू त्यांना तुझ्या डोळ्यांबद्दल सांगितलंस. म्हणालीस, मधूनमधून धूसर होतं, पण मी मनावर घेतलं नाही, कारण घरी रोज रेशनचा तांदूळ निवडते, आणि एकसुद्धा खडा कुणाच्या दाताखाली येत नाही. तेवढ्यावरून मी माझ्या डोळ्यांची खात्री धरत होते, बाई. आज मात्र खात्री नाही. हे तू बोललीस तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते, आणि माझी नजर तुझ्या चपलांवर होती.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. वाईट नव्हत्या त्या, उलट तुझ्या भल्याचंच बोलत होत्या.

“हे मी लिहून घेतलं तर तुम्हाला टेबलावर ठेवता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला? घरी जा. मी काही ऐकलं नाही.”

“तुम्ही ऐकलं नसेल, पण मी बोलले ना,” तू म्हणालीस. “कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे ते.”

मग त्यांनी चारही ट्रे परत मागवले. सगळ्यांवर तुझ्या हातच्या चिठ्ठ्या, सतरा, सतरा, सतरा, सतरा. मला आत जाता येत नव्हतं, पण व्हरांड्याला काच होती, तिच्यातून मी तुझं टेबल पहिल्यांदा बघितलं. एवढ्या वर्षांच्या माझ्या फुशारकीच्या मानाने ते अगदी साधं निघालं. दिव्याखाली एक काळा बोर्ड, एक पांढरा बोर्ड, समोर स्टूल. बाईंनी तुला बसायला सांगितलं, तुमचे ट्रे तुम्हीच परत बघा म्हणून. तू बसली नाहीस. आज माझ्या डोळ्यांवर सोपवू नका, असं काहीतरी म्हणाली असशील, आवाज काचेबाहेर येत नव्हता. तू बाहेर येऊन दाराशी उभी राहिलीस, आणि दोन मुली बसल्या. पहिला ट्रे झाला, काही नाही. दुसरा झाला, काही नाही. मला वाटायला लागलं की काही निघणार नाही, आपण उगाच आलो, आणि मला त्याचा आनंद होत होता. तिसऱ्या ट्रेत एका मुलीचा हात थांबला. तिने ती ॲम्प्यूल बाईंकडे दिली, बाईंनी काळ्यापुढे धरली, बराच वेळ धरली. मग त्यांनी दार उघडून तुला हाक मारली आणि ती तुझ्या हातात दिली. दार उघडं होतं म्हणून पुढचं मला ऐकू आलं. तू ती काळ्यापुढे धरलीस, उलटी केलीस, पांढऱ्यापुढे धरलीस, पुन्हा काळ्यापुढे. टेबलावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते.

“मला दिसत नाहीये,” तू म्हणालीस. “काय आहे?”

“काच आहे, बाई. केसाएवढी,” सुपरवायझरबाई म्हणाल्या.

तू मान हलवलीस, ॲम्प्यूल बाद मालाच्या लाल ट्रेमध्ये ठेवलीस, आणि बाईंना म्हणालीस की आता लिहा. लिहिलेल्या कागदावर सही केलीस. तुझी सही मला पाठ होती, पण त्या दिवशी ती मला फार मोठी दिसली. आई, मी पुढे आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, सर्जन बघितले, ज्यांचं नाव घेतल्यावर लोक उठून उभे राहतात असे बघितले. दहा बायकांसमोर ‘मला दिसत नाहीये’ असं सरळ म्हणणारं माणूस मी एकच बघितलं. मला त्या क्षणी रडू येत होतं आणि मान ताठ होत होती, दोन्ही एकदमच.

घरी आलो तर पप्पा सतरंजीवर बसलेले. भात झाकलेला तसाच, ताटं मांडलेली नाहीत, नुसता चहासुद्धा केला नव्हता. तू म्हणालीस, अहो, जेवून घ्यायचंत ना. पप्पा म्हणाले, आमेन राहिलं होतं. देवाची टवाळी करणारा माणूस तो, पण भुकेल्या पोटी दीड-दोन तास प्रार्थना उघडी ठेवून बसला होता. तू हात धुतलेस, कोपरापर्यंत, नेहमीसारखे. बसलीस. आणि तळहात वर करून इतकंच बोललीस, सतरा नंबर, प्रभू, आता तुझा. हात पालथा केलास. त्यावर पप्पांनी आपला काळ्या नखांचा हात ठेवला, तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. आमेन झालं. मग आपण गार भात खाल्ला आणि नियमाप्रमाणे कंपनीचा एक शब्द कुणी काढला नाही. भातात एकही खडा लागला नाही.

पुढच्या आठवड्यात तुला पॅकिंगला टाकलं. खोकी जोडायची, आत माहितीचा कागद घालायचा, डिंक लावायचा. चष्मा आला, जाड काळ्या काड्यांचा, आणि त्यात तू शाळेतल्या बाईंसारखी दिसायला लागलीस. मला वाटलं होतं तू मिटून जाशील. पण तू तिथेही तशीच, खोक्याचा कोपरा वाकडा जोडलेला तुला खपायचा नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली, बहुतेक पप्पांनीच घातली, आणि त्यांनी तुला बहिणींच्या सभेत दोन शब्द बोलायला सांगितलं. तू उभी राहिलीस, म्हणालीस की चार ट्रे राहिले होते ते परत आणले, त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि खाली बसलीस. पप्पा घरी येईपर्यंत हसत होते.

तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. खूप वर्षांनी माझ्या वॉर्डात एक बाई बाळंतपणाला आली, ती तुझ्याच कंपनीत त्याच टेबलावर होती. मी ॲम्प्यूल काळ्यापुढे धरलेली बघून ती उठून बसली आणि विचारलं, सिस्टर, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी सांगितलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, आमच्यात डोळे दमले की हात वर करून ‘सतरा झालं’ म्हणायचं. मग सुपरवायझर काही बोलत नाही, दहा मिनिटं डोळे मिटून बसू देते. हे कशावरून आलं ते नव्या मुलींना कुणाला ठाऊक नाही, पण म्हणतात सगळ्या. ती तू, आई. त्या दिवशी मी ड्युटी संपवून घरी आले आणि संध्याकाळी हात पालथा करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सगळा दिवस मला ठेवून घ्यायचा होता.

आता जे लिहायला बसले होते ते. तांदूळ तू रात्री निवडून डब्यात भरून ठेवायचीस. त्या थंडीच्या आधी तीन-चार महिने, एकदा शाळेतून येऊन मी तुझ्या येण्याआधी तांदूळ धुवायला घेतला, तर त्यात दोन खडे. मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी पाच. त्यानंतर मी रोज दुपारी, तू निवडलेला तांदूळ त्या काळ्या कागदाच्या खिडकीशी बसून पुन्हा निवडायची, आणि खडे मूठ करून गटारात टाकायची. कुणाला कळू दिलं नाही. तुझ्या डोळ्यांचं काय होतंय हे मला तुझ्या आधी कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले, आणि ते थोडं खरंही आहे. पण जास्त खरं हे की मला सतरा नंबरची मुलगी राहायचं होतं. तू गेटवर त्या बाईंना तांदळाचं सांगत होतीस तेव्हा मी बाजूला उभी होते. बोलले नाही. परत येताना माझा दंड धरून चाललीस, तेव्हाही नाही. मी निवडलेल्या तांदळावर तू तुझ्या डोळ्यांची खात्री धरत होतीस, आणि ती केसाएवढी काच त्या खात्रीतून निसटली होती.

त्यानंतर हजारो संध्याकाळी मी हात पालथा केला. वॉर्डातलं सगळं दिलं, माझ्या हातावर गेलेली माणसं दिली, तू गेलीस तो दिवस दिला. हे मात्र कधी दिलं नाही. तूच मनगट धरून शिकवलेलं, की आधी ज्याचं त्याला सांगायचं. तुला सांगितल्याशिवाय ते प्रभूला देता येत नव्हतं, आणि तू असेपर्यंत माझा धीर झाला नाही. चार ट्रे तू त्याच संध्याकाळी परत आणलेस. माझा हा एक आज आणते आहे.

हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते मला कळतं. घडी करून तुझ्या शास्त्रात ठेवीन. सहा वाजत आलेत, हात धुवायला उठलं पाहिजे. आणि एक सांगते, हसू नकोस. हल्ली पिशवीतल्या तांदळात खडा नावाला सापडत नाही, तरी मी रोज दुपारी ताट घेऊन खिडकीशी बसते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत निवडते.